मंजुश्रीचे खड्ग कोणावर उगारलेले आहे?

वेरूळच्या बाराव्या, म्हणजे 'तीन ताल' लेण्यात नऊ चौकोनांचे मंडलपट कोरलेले आहेत. मध्ये बुद्ध, भोवती आठ बोधिसत्त्व. त्यांपैकी एकाचे चिन्ह खड्ग, दुसऱ्याचे वज्र. अहिंसेच्या धम्मात ही आयुधे कोठून आली, असे विचारले की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, हा ब्राह्मणी देवतांचा प्रभाव व धम्माच्या ऱ्हासाची खूण होय. दुसरे, हे सारे केवळ प्रतीक आहे. दोन्ही उत्तरे बहुधा मूर्तीकडे नीट न पाहताच दिली जातात.

पालकालीन बिहार-बंगालमधील अरपचन मंजुश्री पाहावा. उजव्या हातातील खड्ग मस्तकाच्या वर उगारलेले, डाव्या हातात छातीशी धरलेली प्रज्ञापारमितेची पोथी. तो पद्मासनात बसलेला आहे आणि त्याच्या पायाशी कोणी शत्रू नाही. महिषासुरमर्दिनीच्या शिल्पात शस्त्र एका देहात शिरते. येथे ते कोणाच्याही देहाला स्पर्श करीत नाही. शिल्पकाराने वध्यच कोरलेला नाही, तेव्हा या खड्गाचा अर्थ शेजारच्या पोथीतच शोधावा लागतो.

आणि हा अर्थ तंत्रयानाने नव्याने आणलेला नाही. मज्झिम निकायातील वम्मिक सुत्तात वारूळ खणण्याचे जे शस्त्र सांगितले आहे, ते आर्य प्रज्ञेचे नाव होय, असा खुलासा स्वतः तथागत करतात. मौज अशी की त्याच वारुळातून खाटकाचा सुरा आणि ओंडकाही निघतो, व तो पाच कामगुणांचा वाचक ठरतो. एकाच सुत्तात दोन पाती आणि दोन अर्थ! तेव्हा आयुधाची ओळख पटली म्हणजे अर्थ लागला, असे मानणारी संग्रहालयीन पद्धत अपुरी आहे.

परंतु हीच किल्ली सर्वत्र चालवू नये. साधनमालेतील त्रैलोक्यविजयाचा डावा पाय महेश्वराच्या मस्तकावर व उजवा गौरीच्या वक्षावर आहे. येथे पायाखाली अविद्या नाही, नाव असलेल्या देवता आहेत. महेश्वर म्हणजे अहंकार, असा अर्थ लावता येतो, आणि तो लावलाही जातो. पण शिल्पात दिसते ती पंथस्पर्धा आणि तुडविलेली स्त्री. इतर पंथांच्या विजयमूर्तींना आपण जो प्रश्न विचारतो, तोच या मूर्तीलाही विचारला पाहिजे. मंजुश्रीच्या खड्गाचे समर्थन तिला लागू पडत नाही.