मुदत संपलेल्या फिल्मचा मोह

गेल्या उन्हाळ्यात आई भारतातून आली, तेव्हा मी हौसेने प्लास्टिकच्या होल्गा कॅमेऱ्याने तिचे फोटो काढले. फिल्म मुद्दामच जुनी घेतली होती, ४०० स्पीडची, २००४ मध्ये मुदत संपलेली. रोल धुऊन आला. अंगणातला मेपल जांभळट, स्वप्नातल्यासारखा दिसत होता. आईचा चेहरा मात्र धुक्यात हरवला होता. फोनवर तिचे फोटो आहेत, पण त्या दुपारचे नाहीत.

म्हणूनच या हौसेबद्दल चार शब्द लिहावेसे वाटले. लोमोग्राफीची चळवळ १९९२ मध्ये व्हिएन्नात सुरू झाली, ती लोमो एलसी-ए या छोट्या सोव्हिएत कॅमेऱ्यावरून. फार विचार न करता टिपत जा, हा तिचा मंत्र. त्यातला मोकळेपणा मला आजही आवडतो. पण मुदत संपलेली फिल्म मात्र विचार केल्याशिवाय वापरता येत नाही.

वय आणि उष्णता यांनी फिल्मची प्रकाश टिपण्याची ताकद कमी होते, धूसरपणा वाढतो आणि रंगांचे थर सारखे उतरत नसल्याने छटा बदलतात. रंगीत निगेटिव्हसाठी जाणकारांचा ठोकताळा असा, की दर दहा वर्षांमागे प्रकाश दुप्पट द्यावा. म्हणजे माझ्या फिल्मला चौपट हवा होता. एलसी-एवर स्पीडचा आकडा ४०० ऐवजी १०० लावला की काम भागतं. होल्गाच्या शटरला नेहमीच्या वापरात वेग एकच! ज्या फिल्मला जास्त प्रकाश हवा, तीच आपण प्रकाश फारसा वाढवता न येणाऱ्या कॅमेऱ्यात घालतो आणि निकालाला 'मूड' म्हणतो.

जुनी फिल्म घेऊच नये, असं मी म्हणत नाही. फ्रिजमध्ये राहिलेली, कमी स्पीडची कृष्णधवल फिल्म बरीच वर्षं टिकते. एकाच ठिकाणी, एकत्र ठेवलेले तीन-चार रोल मिळाले तर घ्यावेत, एक चाचणीसाठी खर्ची घालावा आणि मग बाकीचे वापरावेत. तेव्हा ते रंग आपण निवडलेले असतात. नाहीतर कौतुक फिल्म सडण्याचं होतं, छायाचित्रकाराचं नव्हे.

आई आता ८१ वर्षांची आहे. पुन्हा एवढा प्रवास तिला झेपेल की नाही, कोण जाणे. आलीच, तर तिच्यासाठी ताजा रोल आणून ठेवला आहे. जुना रोल मेपलसाठी. तो दर वर्षी तिथेच उभा असतो.