कुलवृत्तांत आणि घरांतलें मूल

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून महाराष्ट्रांतील अनेक घराण्यांनीं आपापले कुलवृत्तांत छापून प्रसिद्ध केले, व ती प्रथा अद्याप चालू आहे. गोत्र, कुलदैवत, मूळ गांव, शाखांचे तक्ते व व्यक्तिवार माहिती अशी त्यांची मांडणी आतां रूढ झाली आहे. पुढील पिढीस पूर्वजांची ओळख व्हावी म्हणून हा उद्योग केला, असें प्रस्तावनेंत बहुधा सांगितलेलें असतें. ह्या हेतूविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. परंतु पुढील पिढी म्हणजे आज घरांत सहा-सात वर्षांचें असलेलें मूल. ह्या ग्रंथांतून त्याला काय सांगतां येतें, ह्या कसोटीवर हा वाङ्मयप्रकार पारखून पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रथम वंशावळी कां लिहिल्या गेल्या तें पाहूं. मराठी दप्तरांतील बहुसंख्य वंशावळी महजर, निवाडपत्र, करीना अथवा कैफियत यांच्या पोटांत सांपडतात. पाटीलकी, कुळकर्ण किंवा देशमुखी यांच्या वांटणीचा तंटा पडला म्हणजे वादी आपल्या पिढ्या सांगे, प्रतिवादी आपल्या सांगे, आणि गोतसभा दोहोंचा निवाडा करी. पुढें 1852 च्या कायद्यान्वयें इनाम कमिशनचें काम चाललें, तेव्हां हक्क शाबीत करण्यासाठीं इनामदारांना पुन्हां वंशावळी द्याव्या लागल्या. 2023 सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि मोडी कागदांतील पणज्या-खापरपणज्यांचीं नांवें पुनश्च पुरावा म्हणून शोधलीं जाऊं लागलीं. काळ बदलला तरी वंशावळ दाव्याचें अंग होऊन राहिली. दाव्यास जो उपयोगी, त्याचें नांव तींत ठळक होतें. निपुत्रिक चुलत्यापुढें 'नकल' एवढाच शेरा पडतो, परमुलखीं गेलेला भाऊ दिसेनासा होतो, आणि ज्या लेकीला वतनांत वांटा नाहीं तिचें नांवच लिहिलें जात नाहीं.

मूल मात्र वादी नाहीं. त्याला वतन मागावयाचें नाहीं, कीं दाखला काढावयाचा नाहीं. म्हणून त्याच्यासाठीं रचलेली वंशावळ ही त्या घरांत दाव्यावांचून तयार होणारी पहिलीच वंशावळ ठरूं शकते. आमच्या मतें कुलवृत्तांतकारांनीं ही संधि ओळखलेली नाहीं. कैफियतीचा सांचा उचलून त्यांत त्यांनीं नवीं नांवें भरलीं आहेत.

ह्याचा परिणाम साध्या गणितानें दिसून येतो. मुलाला आजे-आज्या मिळून चार, पणजे-पणज्या आठ, आणि त्यांच्या वरच्या पिढींत सोळा माणसें. दहाव्या पिढींत ही संख्या 1024 होते. मामाच्या मुलीशीं लग्नाची चाल असलेल्या घरांत तींच माणसें दोन वाटांनीं येतात, तेव्हां ती कांहींशी कमी भरेल. ह्या सर्व पसाऱ्यांतून एका आडनांवाचा ग्रंथ एकच रेघ दाखवितो. सुनेचें माहेर व लेकीचें सासर पुष्कळ ग्रंथांच्या नोंदींत दिलेलें असतें, 'भ्र.' ह्या अक्षरापुढें जांवयाचें नांवही सांपडतें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण तक्त्यांत त्या बाईला जागा नाहीं, आणि मूल प्रथम पाहतें तो तक्ताच. ज्या कुलधर्माचा गौरव हे ग्रंथ करतात तो ह्या बाबतींत अधिक उदार आहे. श्राद्धांत पिता, पितामह व प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही व प्रपितामही यांचाही उच्चार होतो. मातामहाकडील तीन पुरुषही सपत्नीक येतात. त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंबरोबर आलेल्या बायकांचीं नांवेंही आढळतात. सामग्री मिळण्यासारखी आहे. सांचा मात्र तिला सोयीचा नाहीं.

दुसरा दोष कालगणनेचा. मूळ पुरुष जितका दूरचा तितकें घराणें थोर, अशी समजूत असल्यामुळें तक्ता वर नेण्याची घाई होते व मधल्या पायऱ्या तपासल्या जात नाहींत. शतकास सामान्यतः तीन ते चार पिढ्या पडतात. तीनशें वर्षांच्या वंशावळींत पांचच पिढ्या असतील, तर मधलीं नांवें गळालेलीं आहेत असें समजावें. नातवाला आज्याचें नांव ठेवण्याच्या चालीमुळें ही गळती सहज होते. पेशव्यांचेंच घराणें घ्या. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव बल्लाळ, त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव. आणि 1818 सालीं ज्यांच्या हातून राज्य गेलें ते बाजीराव रघुनाथ हे पहिल्या बाजीरावांचे नातू. बापाचें नांव वगळलें, कीं दोन बाळाजी व दोन बाजीराव एकमेकांत मिसळतात. येथें कागद विपुल असल्यामुळें घोटाळा होत नाहीं. ज्या घरीं चारच कागद आहेत तेथें 'बिन' किंवा 'वलद' ह्या शब्दांवरच सर्व भिस्त असते. तीच गोष्ट सनांची. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे शुहूर सन 1161. मृगापासून डिसेंबरअखेर 599 व पुढें 600 मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. पानिपतची लढाई, 14 जानेवारी 1761, ह्याच सनांतली. हा हिशेब चुकला तर मेलेला मनुष्य सनदेवर साक्ष घालतांना दिसतो.

तिसरा दोष निवडीचा. इनाम, पदवी, देवालयास दिलेली देणगी हीं लिहिलीं जातात; कर्ज, भाऊबंदकी, दुष्काळांतलें स्थलांतर वगळलें जातें. दत्तकाचीही अशीच गत आहे. दुसऱ्या बाजीरावांनीं 1827 सालीं दत्तक घेतलेल्या नानासाहेबांसारखा ख्यातनाम पुरुष असेल तर दोन्ही घरें सांगितलीं जातात. सामान्य दत्तकाचें जन्मघर पुसलें जातें. ज्यांच्या घरीं वतनच नव्हतें त्यांचे पूर्वज तर दुसऱ्यांनीं केलेल्या कागदांत शोधावे लागतात: जन्ममृत्यूच्या गांवनमुना 14 मध्यें, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, किंवा शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकांत. मजुरीच्या करारावर मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांची नोंद मोका येथील महात्मा गांधी संस्थेनें जपलेल्या दप्तरांत आहे. हीं नांवें मळेवाल्यांच्या व सरकारच्या सोयीसाठीं लिहिलीं गेलीं. आज त्यांचे वंशज त्यांतूनच आपलें गांव शोधतात.

मुलाला हें सर्व कसें सांगावें? आरंभ मूळ पुरुषापासून न करतां मुलापासून करावा, व दोन, चार, आठ असें वर चढावें. तीन क्रियापदें काटेकोरपणें वेगळीं ठेवावींत: 'कागदांत आहे', 'आजी सांगत असे' आणि 'आम्हांस वाटतें'. पूर्वज पानिपतावर होते ही कथा आजीची असेल तर ती आजीच्याच नांवानें सांगावी. तिची गोडी त्यानें कमी होत नाहीं. सहा वर्षांच्या मुलाला हा भेद कळतो. किंबहुना, 'हें कुणीं सांगितलें?' असें तें स्वतःच विचारतें. जेथें नांव सांपडलें नाहीं तेथें चौकट रिकामी ठेवावी, म्हणजे मोठेपणीं ती भरण्याचें काम त्याला राहील.

मुलाला मिळणारा हा पहिला इतिहास असतो. पुरावा आणि आवड यांतील भेद त्यानें घरींच शिकला नाहीं, तर पुढें राष्ट्राच्या इतिहासांत खोटी सनद आणि खरी सनद यांतील भेद त्याला शिकवणें कठीण जातें. वीस पिढ्यांच्या संशयित तक्त्यापेक्षां दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या साधार देणें अधिक मोलाचें आहे. कुलवृत्तांतांच्या यापुढील आवृत्ति काढणाऱ्या मंडळींनीं मातृपक्षासह अशी आठ पणजे-पणज्यांची पुरवणी, प्रत्येक नांवापुढें आधार देऊन, ग्रंथाच्या आरंभीं जोडावी, एवढी आमची सूचना आहे. आज ज्यांच्या घरीं ऐंशी वर्षांची आजी आहे, त्यांनीं नव्या आवृत्तीची वाट न पाहतां तिच्या माहेरचीं नांवें आधीं उतरून घ्यावींत.