धाडस कुणाचे, किंमत कुणाची?

'धाडसी विचार' हा शब्द आपल्या परिसंवादांत फार स्वस्त झाला आहे. समाजाला चार कडू बोल सुनावले की वक्ता धाडसी ठरतो आणि त्याला भर सभेत अडवणारा त्याहून धाडसी. सभा संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात. ज्या घरासाठी एवढा खल झाला, त्या घरातल्या बाईच्या पदरात काहीच पडत नाही. म्हणून धाडस मोजण्याचे माप आता बदलावे, असे आम्हांला वाटते. विचाराची किंमत कोण मोजते? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो विचार घरात वापरता येतो का? या दोन प्रश्नांनी आपल्या प्रबोधन-परंपरेतील तीन पुस्तके तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

आम्ही हे कन्नडहून लिहीत आहोत. औट्रम घाटाच्या माथ्याकडचा हा तालुका १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे जुन्या कागदांची भाषा उर्दू, चुलीपाशी दखनी, नमाजात अरबी आणि मक्याचा, आल्याचा भाव ठरवताना मराठी. चार भाषांत वावरणाऱ्या समाजापर्यंत सुधारणेचा विचार कोणत्या भाषेतून येतो, हा प्रश्न आमच्यासाठी किरकोळ नाही. तो मराठीतून आला, याची नोंद आधी घ्यायला हवी.

हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे, ही त्यांची मागणी होती. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. सातच बायका, म्हणून तेव्हा हसणारे पुष्कळ होते. पण त्या सात जणींना मोर्चा संपल्यावर आपापल्या मोहल्ल्यातच परतायचे होते, हे हसणाऱ्यांनी लक्षात घेतले नाही. दलवाईंच्या धाडसाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते त्यांचे धाडस होते.

दलवाईंच्या वैचारिक लेखनाबद्दल आपल्यात दोन तट आहेत. एका तटाला त्यांच्यात दोष दिसत नाही, दुसऱ्याला गुण दिसत नाही. आमचे मत असे, की त्यांचा प्रश्न खरा होता. पण अनेक लेखांत समोर बसलेला वाचक मुसलमान आहे असे वाटत नाही. बोलणे आपल्याविषयी आणि कान मात्र दुसऱ्याचे, अशी ती रचना आहे. शिवाय भाकरीचा प्रश्न त्यात मागे राहिला. २००१च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के आणि मुसलमानांची ५९.१ टक्के होती. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने ही दरी शाळा, नोकरी आणि बँकेचे कर्ज अशा सर्व अंगांनी दाखवून दिली. तलाकाचा प्रश्न आणि दारिद्र्याचा प्रश्न एकाच घरात राहतात. एकाला हात घालताना दुसऱ्याकडे पाठ फिरवून चालत नाही.

कादंबरीकार दलवाई मात्र लेखक दलवाईंच्या पुढे गेलेले दिसतात. १९६५ सालच्या 'इंधन'मधला निवेदक पंधरा वर्षांनी आपल्या कोकणातल्या गावी परततो आणि त्याच्या डोळ्यांदेखत गाव दंगलीकडे सरकत जाते. ही दंगल कुणी बाहेरून आणून टाकत नाही. जमिनीचे बदललेले संबंध, जुना मान, नवे राजकारण, दबलेल्या वासना, सगळे आधीपासून वाळलेलेच असते. इथे लेखक एकाच जमातीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. निवेदकालाही त्यातून सोडत नाही. भाषणातला दलवाई उत्तर देतो, कादंबरीतला दलवाई विचारायला लावतो. आमच्या मते 'इंधन' हेच त्यांचे सर्वांत धाडसी विधान आहे.

दुसरे पुस्तक मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे'. १९५६ साली या दोघांनी निकाह केला आणि त्यानंतर विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीही केली. सुधारकाने आपल्याच घरात पत्नीला कायद्याचे संरक्षण देणे, हे आमच्या मापात पुरेपूर उतरते. पण त्याच घराचा खर्च बव्हंशी पत्नीच्या नोकरीवर चालला, हेही खरे. चळवळीच्या इतिहासात नोंद होते मोर्च्याची, घरखर्चाची होत नाही. हे पुस्तक ती उणीव भरून काढते. त्यात सिद्धान्त कमी आणि संसार जास्त आहे. काही समीक्षकांना तो त्याचा दोष वाटेल, आम्हांला तो त्याचा पुरावा वाटतो.

तिसरे, सय्यदभाईंचे 'दगडावरची पेरणी'. बहिणीला मिळालेल्या तोंडी तलाकातून या माणसाचा प्रवास सुरू झाला. त्याने प्रश्न पुस्तकातून उचलला नाही. तो त्याच्या दारातच येऊन बसला होता. म्हणून या लेखनात आवाज चढत नाही. दगडावर पेरायचे तर दरवर्षी पेरावे लागते, हे शहाणपण त्यात आहे. २०२२मध्ये ते गेले, पण त्याआधी २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवलेला त्यांनी पाहिला. सात जणींच्या मोर्च्याला तेव्हा ५१ वर्षे झाली होती.

२०१९च्या कायद्याने अशा तलाकाला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. त्या कायद्यात तोंडी आणि लेखी यांच्याबरोबर 'इलेक्ट्रॉनिक' रूपातला तलाकही आहे. म्हणजे जुना अन्याय नव्या यंत्रावर स्वार होऊन आला होता. बायकोला निर्वाह भत्ता मिळावा, अशीही तरतूद आहे. पण कमावता नवरा तुरुंगात गेल्यावर तो कुठून येणार? आमच्या पहिल्या प्रश्नावर हा कायदा अडखळतो. किंमत पुन्हा तिच्याच माथी येते.

यंत्राचा दुसरा धडा आमच्या घाटाखालचा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मोबाईलवरच्या निरोपांनी ती भीती गावोगाव पोचवली होती. अफवेने तेव्हा जात-धर्म विचारला नाही. अनोळखी आणि गरीब असणे पुरेसे ठरले. 'इंधन' आज वाचताना राईनपाडा आठवतो. काडी आता खिशात आली आहे, एवढाच फरक.

मग आज धाडसी विचार कोणता? आमच्यापुरते आम्ही तीन मांडतो. पहिला, निकाहनामा मुलीला वाचता येईल अशा भाषेत असावा. २००५ साली मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने भोपाळला नमुना निकाहनामा मांडला. एका दमातल्या तीन तलाकाला त्यात स्पष्ट बंदी नव्हती, ही त्यावरची टीका रास्तच होती. पण निकाह हा करार आहे आणि त्यात अटी घालता येतात, हे आपल्या परंपरेनेच मानले आहे. त्या अटी मराठीत लिहाव्यात, कबूल म्हणण्याआधी मुलीला वाचून दाखवाव्यात आणि प्रत तिच्याच मोबाईलमध्ये ठेवावी. जे यंत्र तलाक आणू शकते, ते हक्काचा कागदही जपू शकते.

दुसरा, मोबाईलवर भडक निरोप आला तर तो पुढे न ढकलता आधी पडताळावा, ही गोष्ट जुम्याच्या बयानात आणि ग्रामसभेत एकाच आठवड्यात सांगितली जावी. वेगवेगळे सांगून संशयच वाढतो.

तिसरा विचार आपल्या लेखकांसाठी. आपल्या कथेतली बाई अजूनही पुस्तकी मराठी बोलते. तिला तिची दखनी देवनागरीत लिहू द्या. तिचे 'नक्को' तिच्याच तोंडून येऊ द्या. त्या 'नक्को'त मराठीचा 'नको' आहेच. ती कुणाला नकार देते आणि त्याची काय किंमत मोजते, हे लिहिणारा लेखक आम्हांला हवा आहे. त्याला व्यासपीठ मिळाले नाही तरी चालेल. कन्नडच्या एखाद्या घरात ते पुस्तक मोठ्याने वाचले गेले पाहिजे.