पापाला जन्म कोणी चिकटवला?

‘पाप’ हा शब्द दिसला की मी पुस्तक मिटतो. ही माझी जुनी खोड. पूर्वजन्मी पाप केले म्हणून या जातीत आलात, हे ज्यांच्या बापजाद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले, त्यांना ती समजेल. पौलाचे रोमकरांस पत्र मात्र मी मिटू शकलो नाही. तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो की पाप सर्वांनीच केले आणि देवाच्या गौरवाला सर्वच उणे पडले. मला अडवले ते ‘सर्व’ या शब्दाने.

हे पत्र सुमारे इ. स. 57 मध्ये करिंथहून लिहिले गेले. रोमच्या मंडळीत यहुदी होते, बिगरयहुदीही होते. नियमशास्त्र कोणाला मिळाले, सुंता कोणाची झाली, हे श्रेष्ठत्वाचे दावे पौलापुढे होते. तो दोघांनाही एकाच रांगेत उभे करतो. त्याचा ग्रीक शब्द ‘हामार्तिया’ मुळात नेम चुकण्याशी जोडलेला आहे. नेम चुकतो तो माणसाचा; कुळाचा नव्हे. ‘गौरव’ म्हणजे ‘डोक्सा’. हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात हा शब्द ‘काबोद’साठी योजला गेला, आणि काबोदच्या मुळाशी आहे जडपणा, वजन. अमक्याचे गावात वजन आहे असे आपण म्हणतो, त्यातलेच. पौलाच्या काट्यावर सगळेच कमी भरतात, नियमशास्त्राचे पंडितसुद्धा.

मग यात जन्म शिरला कुठून? आदामामुळे पाप जगात आले व मरण सर्वांपर्यंत पोचले, असे पाचव्या अध्यायात आहे. तिथे पौल कारण देतो: सर्वांनी पाप केले ‘म्हणून’. लॅटिन भाषांतरात या ‘म्हणून’च्या जागी ‘ज्याच्यात’ असे वाचता येणारे शब्द आले. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या ऑगस्टिनने ते तसेच वाचले: आदामात सर्वांनी पाप केले, म्हणजे माणूस आईच्या पोटातूनच दोषी येतो. 418 च्या कार्थेज परिषदेने तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याला हाच आधार दिला. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडील चर्चने वारशाचा दोष या अर्थाने स्वीकारला नाही. दोन शब्दांची ही करामत! ऑगस्टिनचा जन्मदोष राजाला आणि रंकाला सारखाच लागतो, मनूसारखी उतरंड तो लावत नाही, हा फरक मी विसरत नाही. तरीही जन्म आणि पाप यांची गाठ पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो.

पौलालाही मी मोकळा सोडत नाही. सर्वच पापी, तर आसूड मारणारा आणि आसूड खाणारा एकाच मापाचे कसे? तेराव्या अध्यायात तो सत्ताधीशांच्या अधीन राहायला सांगतो. अनेसिम या गुलामाला तो मालकाकडे परत पाठवतो. भाऊ म्हणून स्वीकार असे लिहितो खरे, पण गुलामगिरी मोडा असे लिहीत नाही. आणि हाच पौल करिंथकरांस सांगतो की गौरवाच्या प्रभूला सत्ताधीशांनी वधस्तंभावर दिले. वधस्तंभ ही रोममध्ये मुख्यतः गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. गौरव त्याने ठेवले ते तिथे.

रोमकरांस पत्र पौलाने सांगितले, उतरवून घेतले दुसऱ्याने. शेवटच्या अध्यायात तो लेखनिक स्वतःच्या नावाने नमस्कार कळवतो: तर्तियस, म्हणजे ‘तिसरा’. लगेच पुढे क्वर्त येतो, म्हणजे ‘चौथा’. अशी नावे रोममध्ये गुलामांत आणि सुटका झालेल्या गुलामांत आढळतात. कचरू, धोंडू ही नावे वाहिलेल्या आमच्या माणसांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ‘सर्व’ हा शब्द कागदावर उतरला तो तर्तियसच्या हाताने.