वस्त्रावरील नाव आणि क्रियापदाचे लिंग

यहुदी प्रार्थनामंदिरांतील विधिवस्त्रांचे वर्णन करणारे बहुधा रेशीम कोणते, टाका कोणता, दाता कोण, एवढे नोंदवून थांबतात. वस्त्र कोणी शिवले, हा प्रश्न मागे राहतो. या उणिवेचे एक कारण वस्त्रलेखांच्या भाषेत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

न्यूयॉर्कच्या ज्यू म्यूझियममध्ये १६८०-८१ चा, व्हेनिस येथील एक भरजरी पडदा आहे. तोराचे ग्रंथ ठेवण्याच्या कपाटापुढे तो टांगीत. मेनाहेम लेवी मेशुल्लामीची पत्नी सिमहा ही त्याची कर्ती म्हणून ओळखली जाते. याउलट जर्मन यहुद्यांत सुंतेच्या वेळी बालकाखाली अंथरलेल्या वस्त्राच्या पट्ट्या जोडून त्या तोराच्या ग्रंथाभोवती बांधीत. त्यांवर बालकाचे व पित्याचे नाव येई. भरणारीचे सहसा येत नसे.

हिब्रूत भूतकाळी क्रियापद कर्त्याचे लिंग सांगते : ‘आसा’ म्हणजे त्याने केले, ‘अस्ता’ म्हणजे तिने केले. मराठीत ‘त्याने पडदा शिवला’ आणि ‘तिने पडदा शिवला’ यांत क्रियापद पडद्यामागे जाते. ‘मी पडदा शिवला’ येथे तर कर्त्याचे लिंग मुळीच कळत नाही.

हा भेद बेने इस्राएलांच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो. घरी मराठी बोलणाऱ्या या समाजाचे मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारले. अशा समाजाच्या वस्त्रावर ‘अमक्यांजकडून’ किंवा ‘अमक्यांच्या स्मरणार्थ’ असा लेख आढळल्यास तो दान सांगतो, शिवण सांगत नाही. दात्याला कर्ता मानणे जितके चूक, तितकेच नाव नाही म्हणून कर्ती नव्हती असे समजणेही चूक होय. कोचीनच्या यहुद्यांत स्त्रियांच्या सणावारी नेसावयाच्या वस्त्रांचे पडदे करीत. तेथे अक्षरावाचून कापडच नेसणारीची साक्ष देते.

१९४८ नंतर बेने इस्राएलांची बहुसंख्य कुटुंबे इस्राएलास गेली. लेख जे सांगत नाही ते आता वृद्ध स्त्रियांच्या आठवणीतच उरले आहे. म्हणून संशोधकाने वस्त्रलेखाचे वाचन त्यांच्या मुलाखतींपासून वेगळे काढू नये. महालातील देवळांत देवीला वाहिलेल्या खणालुगड्यांविषयीही हाच प्रश्न विचारता येईल. त्याकरिता आपल्या विद्यार्थ्यांना मुंबईस जाण्याचीही आवश्यकता नाही.