भोनचा स्तूप : विटांचा अभिमान, वीटकऱ्याचा विसर

बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन हे गाव आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले व विटांचा प्राचीन स्तूप उजेडात आला. पक्क्या मातीच्या कड्या एकावर एक रचून केलेल्या अनेक विहिरीही सापडल्या. या शोधावरील आपले बहुतेक लेखन 'गौरवशाली वारसा' या शब्दांपाशी येऊन थांबते. आमचा आक्षेप या थांबण्याला आहे.

स्तूप हा श्रद्धेचा पुरावा आहे, तसाच तो सामूहिक श्रमाचाही आहे. माती मळणारे, वीट भाजणारे, कडी घडवणारे हात नसते तर ती श्रद्धा उभी राहिली नसती. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख हाच संबंध सांगतो. विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवून त्यांच्या व्याजातून २० भिक्खूंच्या चीवरांची सोय त्याने केली. कठिन चीवराचे वस्त्र तर भिक्खूंनी मिळून एका दिवसात कापावे, शिवावे व रंगवावे असा विनयाचा दंडक आहे. संघात हातांचे काम कधीच हीन नव्हते.

येथे अमेरिकेतील शेकर पंथाची तुलना उद्‌बोधक ठरेल. ॲन ली ही कामगार स्त्री १७७४ साली इंग्लंडहून तेथे गेली. तिच्या अनुयायांनी ब्रह्मचर्य, सामायिक मालमत्ता आणि स्त्री-पुरुषांचे समान नेतृत्व स्वीकारले. काम हीच उपासना मानून त्यांनी घडवलेल्या साध्या, नेटक्या खुर्च्या व लाकडी पेट्या आज वस्तुसंग्रहालयांत मानाने ठेवल्या जातात. पंथात मात्र मोजकीच माणसे उरली आहेत. त्यांच्याभोवती गृहस्थांचा समाज नव्हता. बाहेरून माणसे येणे थांबताच पंथ आटला. बौद्ध संघाला उपासक-उपासिकांचा आधार होता. पण तो आधार एकतर्फी नसावा. भिक्खू हा केवळ परिपूर्ण मानव की समाजाचा सेवक, हा प्रश्न परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत उपस्थित केला, तो याच जाणिवेतून असे आम्हांस वाटते.

भोनचे हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. त्याच्या रक्षणाची मागणी आम्ही एकमुखाने केली पाहिजे. शेतीला पाणी हवे हे मान्य करूनच केली पाहिजे. परंतु स्तूप वाचला आणि आमच्या विहारांतून एकत्र श्रमण्याची रीत नाहीशी झाली, तर आमच्याही हाती शेकरांच्या खुर्च्यांप्रमाणे केवळ वस्तू उरतील. विहाराची भिंत सारवणारी उपासिका आणि भोनचा वीटकरी एकाच परंपरेचे आहेत. आमच्या समीक्षेने आता त्यांच्यापासून आरंभ करावा.