ठिगळाची पाठचिकित्सा

एखाद्या जुन्या कृतीची पुनर्निर्मिती करताना तिच्यातील काय जपावयाचे आणि काय सुधारावयाचे, हा प्रश्न वरकरणी तंत्राचा वाटला तरी तो मूलतः अर्थनिर्णयनाचा असतो. जे सुधारावयाचे तो दोष आहे, असे आधी ठरवावे लागते. आणि दोष कोणता व गुण कोणता हे ठरविणे म्हणजे त्या कृतीचे वाचन करणेच होय. ग्रंथांच्या बाबतीत हे भान पाठचिकित्सेने फार पूर्वी दिले. व्हिडिओ गेमसारख्या, अवघ्या काही दशकांचे वय असलेल्या माध्यमात मात्र ते अद्याप पुरेसे रुजलेले नाही. जुने खेळ नव्या यंत्रांसाठी नव्याने घडवून विकले जातात. त्यांत आढळलेल्या चुका खेळणारेच लहान लहान फायली तयार करून दुरुस्त करतात. आणि हा सारा व्यवहार हौशी मंडळींचा उद्योग म्हणून दुर्लक्षिला जातो. या फायलींना ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, असे नाव आहे. ठिगळ लावणे ही समीक्षात्मक कृती आहे आणि तिचे निकष पाठचिकित्सेच्या निकषांशी ताडून पाहता येतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या मालिकेतील तीन खेळांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. रॉकस्टार गेम्स या कंपनीने २००१ मध्ये मालिकेतील ‘तिसरा’ खेळ, २००२ मध्ये ‘व्हाइस सिटी’ आणि २००४ मध्ये ‘सॅन अँड्रियाज’ प्रसिद्ध केला. ११ नोव्हेंबर २०२१ रोजी हे तिन्ही खेळ ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ या नावाने पुन्हा बाजारात आले. ही आवृत्ती घडविणाऱ्या ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या संस्थेने पूर्वी, वेगळ्या नावाने, याच खेळांची मोबाइलवरील रूपे सिद्ध केली होती. नव्या आवृत्तीच्या आगमनापूर्वी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, जुन्या आवृत्त्या डिजिटल दुकानांतून काढून घेण्यात आल्या. प्रत्यक्षात नव्या आवृत्तीत दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरे चुकलेली, माणसांचे चेहरे बेढब झालेले आणि पाऊस डोळ्यांना खुपेल इतका ठळक झालेला आढळला. १९ नोव्हेंबर रोजी कंपनीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि संगणकासाठीच्या जुन्या आवृत्त्या पुन्हा उपलब्ध करून देण्याचे मान्य केले.

या घटनाक्रमात ‘डेफिनिटिव्ह’ हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्यात अंतिमतेचा आणि प्रमाणभूततेचा दावा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, वि. स. सुकथनकरांनी संपादिलेल्या आदिपर्वाचा ग्रंथ १९३३ मध्ये पूर्ण झाला आणि संपूर्ण संहितेचे काम १९६६ मध्ये तडीस गेले. त्या आवृत्तीत स्वीकृत पाठ पानाच्या वरच्या भागात आणि अस्वीकृत पाठभेद तळाशी दिलेले आहेत. आपला निर्णय तपासून पाहण्याची, प्रसंगी तो अमान्य करण्याची सामग्री संपादक स्वतःच वाचकाच्या हाती देतो. त्या आवृत्तीचे प्रामाण्य या उघडेपणातून आलेले आहे. उलट, अस्वीकृत पाठ दृष्टीआड करून जी आवृत्ती स्वतःला अंतिम म्हणवते, ती चिकित्सेचे प्रामाण्य नाकारून केवळ मालकीचे प्रामाण्य सांगत असते.

२

अशा आवृत्तीला खेळणाऱ्यांनी जे उत्तर दिले त्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी ‘पॅच’ ही वस्तू काय आहे, हे पाहिले पाहिजे. जुन्या कार्ट्रिजवरील खेळांसाठी रूढ झालेल्या आयपीएस या रचनेची फाइल ‘पॅच’ या शब्दाच्या पाच रोमन अक्षरांनी सुरू होते. पुढे केवळ नोंदी असतात : मूळ फाइलमध्ये अमुक स्थळी जावे आणि तेथील इतकी अक्षरे बदलून ही ठेवावीत. मूळ खेळाचा जो भाग बदलावयाचा नाही, त्याचा मागमूसही तिच्यात नसतो. ती केवळ भेदाची यादी असते. मूळ संहितेवाचून तिला अर्थ नाही. आणि चुकीच्या प्रतीवर ती लावली तर निरर्थक अक्षरांचा ढीग तेवढा हाती येतो. म्हणूनच नंतरच्या बीपीएस या रचनेत मूळ प्रतीची गणिती खूण नोंदविण्याची सोय झाली. समोरची प्रत त्या खुणेशी जुळली नाही, तर आपण योग्य प्रतीवर काम करीत नाही हे तत्काळ कळते. प्रतींची शहानिशा केल्यावाचून पाठ सुधारू नये, हा चिकित्सेचा पहिला नियम येथे यंत्राच्या भाषेत लिहिलेला दिसतो. ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ हा १९९५ चा जपानी खेळ इंग्रजी वाचकांना २००० पासून अशाच चाहतानिर्मित पॅचमधून वाचता आला. त्याचे अधिकृत इंग्रजी रूप त्यानंतर एकोणीस वर्षांनी, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

२०२१ ची त्रयी ‘अनरिअल एंजिन ४’ या चौकटीवर उभी आहे. तेथील चाहत्यांच्या दुरुस्त्या बहुधा स्वतंत्र गठ्ठ्यांच्या रूपात एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. एकाच नावाचे चित्र किंवा आकृती दोन गठ्ठ्यांत सापडली, तर वरच्या क्रमाच्या गठ्ठ्यातील ग्राह्य धरली जाते. कंपनीची फाइल जागच्या जागी राहते आणि दुरुस्तीचा गठ्ठा काढून टाकला की पूर्ववत दिसू लागते. येथे ‘ठिगळ’ हा मराठी शब्द यथार्थ ठरतो. रफूचे कौशल्य आपण तेथे नव्हतोच असे भासविण्यात असते. ठिगळ मात्र आपले अस्तित्व आणि आपल्याखालील फाटकेपण दोन्ही मान्य करते. अधिकृत पुनर्निर्मिती रफूची आकांक्षा धरते. चाहत्याची दुरुस्ती वेगळी उरते, तिला नाव असते, आणि ती उसवताही येते.

३

आता दुरुस्तीच्या निकषांकडे वळता येईल. मूळ त्रयीत ‘टफ नट’ नावाचे डोनटचे एक दुकान आहे. त्याच्या बोधचिन्हातील डोनटला लोखंडी नटाचा षट्कोनी आकार दिलेला होता. इंग्रजीत कठीण कवचाचे फळ, हट्टी माणूस आणि बोल्टवर बसणारा नट या सर्वांना एकच शब्द आहे. त्या श्लेषावर ती पाटी उभी होती. नव्या आवृत्तीत षट्कोनाचे कोपरे गुळगुळीत होऊन तेथे साधे गोल कडे उरले. जुन्या, कमी पैलूंच्या आकृत्या यंत्राकरवी सरसकट गुळगुळीत करण्याचा हा परिणाम असल्याचे मानले गेले. कोपरे ही जुन्या यंत्राची असमर्थता आहे, असे गृहीत धरले की हेतुपूर्वक घडविलेला कोपराही दोष ठरतो.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला या चुकीची जात परिचित आहे. लेखनिकाला अपरिचित शब्द आढळला की तो त्याच्याऐवजी ओळखीचा, सुगम शब्द घालतो. म्हणून दोन पाठांपैकी दुर्बोध पाठ अधिक मूळचा मानावा, असे तत्त्व संपादनशास्त्रात मान्य झाले आहे. सुगम पाठाचे दुर्बोध रूपांतर क्वचितच होते, दुर्बोधाचे सुगम सहज होते. षट्कोनी डोनट हा दुर्बोध पाठ होय. गोल डोनट हा सुगम. यंत्राने लेखनिकाचा जुनाच प्रमाद केला. फरक इतकाच की लेखनिक एका ओळीत चुकतो, यंत्र एकाच नियमाने सबंध शहरात चुकते. ही चूक ओळखण्यासाठी प्रोग्रॅमिंगचे ज्ञान पुरेसे नव्हते. श्लेष कळणारा वाचक लागत होता.

४

‘सॅन अँड्रियाज’मधील धुक्याचा प्रश्न याहून गहन आहे. प्लेस्टेशन २ या यंत्राची मुख्य स्मृती ३२ मेगाबाइट होती. दूरचे डोंगर, रस्ते, इमारती एकाच वेळी रेखाटणे तिला शक्य नव्हते. म्हणून काही अंतरापलीकडचे जग धूसर होत जाई. त्या खेळातील राज्यात लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि लास व्हेगास यांच्या धर्तीवर बेतलेली तीन शहरे, त्यांमधील रान व वाळवंट आणि एक उंच पर्वत आहे. हे सर्व सुमारे ६ किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद चौकोनात बसविलेले आहे. वळणावळणांचे रस्ते आणि धुरकट क्षितिज यांमुळे ते एक विस्तीर्ण राज्य वाटत असे. नव्या आवृत्तीने धुरकटपणा दूर केला, दृष्टीचा पल्ला वाढविला. परिणामी विमानातून पाहता एका नजरेत सारे राज्य दिसू लागले. पर्वत शहराला जवळजवळ टेकलेला दिसला, वाळवंट अंगणाएवढे झाले. खेळणाऱ्यांनी अल्पावधीतच धुके परत आणणारे पॅच तयार केले.

यात विरोधाभास असा की, जी गोष्ट मूळ निर्मात्यांवर यंत्राच्या मर्यादेने लादली होती, तीच वाचकाला कृतीचा अविभाज्य घटक वाटते. याचे उत्तर निर्मात्याच्या हेतूत शोधणे निष्फळ ठरेल. मर्यादा प्रथम बाहेरून येते. पण एकदा तिच्या आधाराने अंतर, विस्तार आणि अनोळखीपण रचले गेले, की ती कृतीच्या अर्थव्यूहात सामावली जाते. छंदाचे बंधन कवीने निर्माण केलेले नसते, म्हणून ते कवितेबाहेरचे ठरत नाही. धुके परत आणणाऱ्याने हे प्रतिपादन निबंध न लिहिता सिद्ध केले. विशेष म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या मोबाइल आवृत्तीत आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये इतर यंत्रांवरील आवृत्तीत जुन्या धर्तीचा प्रकाश व आकाश निवडण्याची सोय अधिकृतपणे देण्यात आली. वाचकांनी केलेला पाठनिर्णय संपादकाने तीन वर्षांनी मान्य केला, असाच याचा अर्थ होतो.

५

तथापि चाहत्यांच्या दुरुस्तीला निरपवाद मानणेही चुकीचे ठरेल. पाठशुद्धी आणि प्रक्षेप यांमधील रेषा येथेही पुसट आहे. जो हात पाटीवरील अक्षर दुरुस्त करतो, तोच हात नायिकेचा चेहरा आपल्या आवडीचा करतो, नवी वाहने आणतो, रंग अधिक गडद करतो. शिवाय ‘मूळ’ म्हणून ज्याची पुनःस्थापना केली जाते, ते पुष्कळदा विशिष्ट यंत्रावर, बालपणीच्या विशिष्ट दूरचित्रवाणी संचावर पाहिलेले रूप असते. स्मृती ही साक्ष आहे, प्रत नव्हे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा नंतरच्यांनी तीत आपली भर घालू नये असा इशाराही दिला. शुद्ध करणाऱ्याला प्रक्षेपाचा मोह सर्वाधिक असतो, हे त्यांनी जाणले होते. चाहत्याचा पॅच विश्वसनीय ठरतो तो त्याच्या प्रेमामुळे नव्हे. त्याने कोणत्या प्रती ताडून पाहिल्या, काय बदलले आणि का, याची नोंद सोबत ठेवली असेल तरच.

याच दृष्टांतातून अधिकाराचा प्रश्नही स्पष्ट होतो. एकनाथ ज्ञानेश्वरीचे मालक नव्हते. त्यांचा अधिकार परिश्रमातून आला. व्हिडिओ गेमच्या जगात हा अधिकार कायद्याने अत्यंत संकुचित आहे. या मालिकेची मालकी असलेल्या टेक-टू या कंपनीने जुन्या दोन खेळांची संकेतावली उलगडून पुन्हा लिहिणाऱ्या चाहत्यांवर सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत दावा दाखल केला. मालमत्तेचे रक्षण हा कंपनीचा हक्क आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की, एकाच हाताने जुनी प्रत दुकानातून उचलली जाते आणि दुसऱ्या हाताने तिचे वाचन करणाऱ्याला दूर सारले जाते, तेव्हा कृती कशाच्या आधारे तपासावयाची?

पॅचला मूळ प्रत लागते, हे त्याचे परावलंबन वर नोंदविले आहे. त्याचे मोलही त्यातच आहे. मूळ प्रत नाहीशी झाली तर पॅच मुका होतो. म्हणून पॅच लावणाऱ्याला मूळ जपावेच लागते. ज्या आवृत्तीला मूळ नाहीसे झालेले चालते आणि ज्या दुरुस्तीला ते चालत नाही, त्या दोहोंपैकी चिकित्सेच्या परंपरेला जवळची कोणती, हे वेगळे सांगावयास नको.